मुलाला नाचायचंय, नाचू द्या

पालकहो, आज मुख्यतः बाबांशी बोलायचं आहे.

कथकच्या वर्गाबाहेर बाकावर बसलेली लहान मुलं मी बरीच वर्षं बघते आहे. ताई आत शिकत असते, धाकटा आईबरोबर बाहेर ताटकळत असतो. आत 'ता थेई थेई तत्' सुरू झालं की बाकाखाली याचे पाय चालू लागतात. उजवा, डावा, अगदी लयीत. सम आली की मानही बरोबर वळते. याला का नाही घालत, असं विचारलं तर आई कौतुकानं हसते आणि हळूच म्हणते, "याच्या बाबांना नाही चालायचं."

बाबांची भीती मला कळते. मित्र चिडवतील, नातेवाईक बोलतील, पोरगा बायकी होईल. चिडवतात हे खरंच आहे. पण नाच हे पुरुषाचं काम नाही, हे आपल्या मातीनं कधी म्हटलं? वारीत पावली खेळताना बघा. गळ्यात टाळ, सगळे एकदम पाऊल पुढे टाकतात, मागे घेतात, वाकतात, उडी घेतात. त्यात साठी उलटलेले आजोबाही असतात. धनगरांच्या गजनृत्यात ढोलावर रुमाल फिरवत नाचतात ते पुरुषच. तळकोकणात दशावतारातल्या स्त्रीपार्टी नटाचं कौतुक करायला अख्खं गाव रात्रभर जागतं. तिथं कुणी त्याच्या पुरुषत्वाचा हिशेब मागत नाही.

आणि कथक? लखनौ घराण्यात तर ही विद्या बापाकडून मुलाकडे आली. कालकाप्रसादांकडून अच्छन महाराजांकडे, अच्छन महाराजांकडून बिरजू महाराजांकडे. वडील गेले तेव्हा बिरजू महाराज जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. पुढं काकांनी शिकवलं. ओडिशातल्या रघुराजपूरचे केलुचरण महापात्रा लहानपणी गोटीपुआ नाचायचे. म्हणजे मुलीचा वेश करून नाचणाऱ्या मुलांमधले ते एक. आज रंगमंचावर दिसणारं ओडिसी घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. संयुक्ता पाणिग्रही, सोनल मानसिंग त्यांच्याकडे शिकल्या. उतारवयातही ते राधेचा अभिनय करत, तेव्हा समोर राधाच दिसे. 2000 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

तुमचा मुलगा इतका मोठा होईल, असं मी सांगत नाही. बहुतेक मुलं होणार नाहीत, आणि त्यानं काही बिघडत नाही. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, पण तेवढ्यासाठी पाठवू नका. मुलांना ते लगेच कळतं. टीव्हीवरच्या स्पर्धांसाठी तर नकोच. मला वर्गात दिसतं ते वेगळंच. चारचौघांत तोंड न उघडणारा मुलगा दोन-तीन वर्षांनी कृष्णाची गत करतो, मनगट वळवून बासरी ओठांशी नेतो, आणि पहिल्यांदाच सरळ समोर बघतो. आपण कोण आहोत, हे त्याला बोलून दाखवता येत नव्हतं. अंगानं सांगता आलं. घरच्यांनी हे थांबवलं की मुलगा नाचणं सोडतो असं नाही, तो ते लपवू लागतो. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून बाबा, एवढं करा. त्याच्या पायात पहिले घुंगरू तुम्ही बांधा. कार्यक्रमाला आईला एकटीला पाठवू नका. आणि घरात कुणी त्याची टिंगल केली, तर त्याच्यादेखत त्या माणसाला थांबवा.