आजीच्या साडीचा तुकडा आणि गोधडीचे गणित

तुमच्यापैकी कोणाचे वडील किंवा काका पिंपरी-चिंचवड, चाकण भागातील एखाद्या कारखान्यात पत्रा कापण्याच्या कामावर असतील, तर त्यांना विचारा : यंत्र चालवण्यापूर्वी पत्र्यावरील तुकड्यांची मांडणी का ठरवतात? ते सांगतील, किती पत्रा वाया जाणार हे आधी कळावे म्हणून. घरी गोधडी शिवतानाही हाच हिशेब कामी येतो.

समजा, आजीच्या जुन्या छापील साडीचा ३० सेंमी बाजूचा एकच चौरस धड राहिला आहे. त्यावरील मोठी फुले गोधडीत उठून दिसायला हवीत. तर तुकड्यांची रचना साधी घ्यावी की गुंतागुंतीची?

ठिगळाची प्रत्येक कड १ सेंमी आत दुमडावी लागते. तुकडा अखंड लावला, तर २८ × २८ = ७८४ चौ. सेंमी, म्हणजे ९०० पैकी सुमारे ८७ टक्के कापड दिसते. त्याचेच १० सेंमी बाजूचे ९ चौरस केले, तर ९ × ८ × ८ = ५७६, म्हणजे ६४ टक्के. ५ सेंमी बाजूचे ३६ चौरस केले, तर ३६ × ३ × ३ = ३२४, म्हणजे अवघे ३६ टक्के! कापड तेवढेच, पण कडांची लांबी वाढली, म्हणून दुमडीत जाणारा भागही वाढला.

त्रिकोणांत आणखी एक अडचण आहे. एक रुमाल घ्या. काठाच्या दिशेने ओढा. तो फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा; तो सहज लांबतो. उभ्या-आडव्या धाग्यांनी बनलेले बारीक चौरस तिरपे होऊन समभुज चौकोन बनतात. त्रिकोणाची कर्णावर कापलेली कड अशीच ताणते आणि गोधडीला झोळ पडतो.

म्हणून साधी रचना घ्या : मध्ये चौरस आणि भोवती एकरंगी कापडाची चौकट. चौकटीचा रंगही विचारपूर्वक निवडा. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातील रंगकामाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले, की शेजारच्या रंगामुळे मूळ रंग वेगळा भासतो. गडद चौकटीत फिकी फुले अधिक उजळ दिसतात.

करून पाहा : पुठ्ठ्यात ८ सेंमी बाजूची चौरस खिडकी कापा आणि ती कापडावर सरकवा. पूर्ण फूल खिडकीत मावते का? मावत नसेल, तर १० सेंमीचा तुकडा कापू नका.

आता एक प्रश्न. दुमड अर्धा सेंमीच ठेवली, तर ३६ चौरसांत किती टक्के कापड दिसेल? आधी उत्तर काढा, मगच कात्री हाती घ्या. कागद पुन्हा मिळेल. आजीची साडी मिळणार नाही.