आधी सबवूफरचा दिवा बघा

साउंडबारचा सबवूफर बंद पडला की लगेच लक्षात येत नाही. टीव्हीचा आवाज येत असतो, बातम्या कळतात, मालिकेतले संवाद ऐकू येतात. काहीतरी उणं आहे एवढंच जाणवत राहतं. आमच्याकडे ते कळलं पखवाजामुळे. सकाळी अभंग लावायची घरात पद्धत आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, तिच्यातून निघणारा खोल, भरीव नाद त्या दिवशी येतच नव्हता. उजव्या हाताचे बोल स्वच्छ ऐकू येत होते, टाळ तर नेहमीपेक्षा जास्तच टोचत होते. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आज पखवाज एकाच हाताने वाजवतायत का?"

सोफ्यामागे वाकून बघितलं, तर सबवूफरच्या मागचा निळा दिवा लुकलुकत होता. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता, लाइट जाऊन-येऊन होते. जवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्याला बोलावलं. त्याने खोका उघडला नाही, मीटर लावला नाही, रिमोटही हातात घेतला नाही. नुसता दिवा बघून म्हणाला, "वायरलेस मॉड्यूल उडालंय. सुटं मिळत नाही. नवा सेट घ्या, जुन्याचं काहीतरी मी देतो." आमचा सबवूफर ठणठणीत होता. तो नव्याने जोडून घ्यायचा होता, एवढंच. त्याच दिव्यावरून हे कळतं. असा सल्ला ऐकून चालू संच मोडीत काढणारी कितीतरी घरं असतील, या विचाराने मला अजूनही राग येतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मुळात हे चालतं कसं ते समजून घेऊ. टीव्हीखालची लांब पट्टी म्हणजे बार. तो साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खालचा आवाज वेगळा काढतो आणि रेडिओलहरींवरून सबवूफरकडे पाठवतो. इतक्या खालच्या पट्टीतला आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही, म्हणून तो खोका सोफ्यामागे किंवा कोपऱ्यात ठेवला तरी चालतो. पण दोघांमधला हा दुवा आपल्या फोनच्या ब्लूटूथसारखा सगळ्यांना खुला नसतो. २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात कंपनीने स्वतःची पद्धत बसवलेली असते आणि कारखान्यातच बारला त्याच्या सबवूफरची ओळख दिलेली असते. फोनच्या यादीत सबवूफर दिसत नाही म्हणून तो बिघडला, असं समजणारे पुष्कळजण भेटतात. तिथे तो सहसा दिसतच नाही.

आता दिवा. रंग कंपनीगणिक वेगळे असतात: कुठे निळा, कुठे हिरवा, कुठे पांढरा. लाल असेल तर तो बहुधा स्टँडबाय किंवा न जुळल्याची खूण असतो. रंगापेक्षा दिवा स्थिर आहे, लुकलुकतोय की विझलेलाच आहे, हे महत्त्वाचं.

लुकलुकणारा दिवा म्हणजे सबवूफरला वीज मिळते आहे, त्याचा रेडिओ जागा आहे आणि तो बारला शोधतो आहे. हे चांगलं लक्षण आहे. 'मॉड्यूल उडालंय' हा निष्कर्ष यावरून काढताच येत नाही. असं का होतं, याचं आपल्याकडच्या घरांतलं एक नेहमीचं कारण मला आमच्याच भिंतीवर सापडलं. टीव्ही आणि बार ज्या बोर्डावर आहेत तो इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे. सबवूफरची वायर तिथवर पोचत नाही, म्हणून तो कोपऱ्यातल्या साध्या सॉकेटवर. लाइट गेले की बार चालूच राहतो आणि सबवूफर मात्र मरतो. लाइट आले की तो पुन्हा बारला शोधू लागतो. बहुतेक वेळा दोघं आपोआप जुळतात, पण वीज चार वेळा जाऊन-येऊन झाली की एखाद्या वेळी नाही जुळत.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. दोन्हींची बटणं बोर्डावर बंद करा. रिमोटने बंद केलेला बार खरा बंद नसतो, तो स्टँडबायवर असतो, त्यामुळे बटण भिंतीवरचंच हवं. काही मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे आतल्या कपॅसिटरमधला साठा उतरतो. मग आधी सबवूफर चालू करा, त्याचा दिवा लुकलुकू द्या आणि मग बार लावा. अर्ध्याअधिक घरांतला प्रश्न इथेच सुटेल असं मी खात्रीने म्हणतो.

नाही सुटला, तर हाताने जोडणी करायची. सबवूफरच्या मागे एक छोटं बटण किंवा पिन घालायचं भोक असतं. कुठे त्यावर 'पेअर' लिहिलेलं असतं, कुठे 'लिंक', कुठे 'कनेक्ट', तर कुठे 'आयडी सेट'. सॅमसंगच्या अनेक मॉडेलांत पद्धत अशी आहे: बार रिमोटने बंद ठेवायचा, सबवूफरच्या मागच्या 'आयडी सेट'च्या भोकात पिन घालून किमान पाच सेकंद दाबायचं, लाल दिवा जाऊन निळा भराभर लुकलुकायला लागला की बारच्या रिमोटवरचं वरच्या बाणाचं बटण तितकाच वेळ दाबून धरायचं. बार आपोआप चालू होतो आणि दिवा स्थिर होतो. यातली 'बार बंद असताना' ही अट हमखास निसटते. चालू बारवर बाण दाबत बसलं तर काहीच घडत नाही आणि माणूस वैतागून यंत्रालाच दोष देतो. इतर कंपन्यांची पद्धत वेगळी असते, म्हणून आपल्या मॉडेलची माहितीपुस्तिका शोधा. कागदी हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकला की बहुधा मिळते. आमचा संच अशाच हाताने केलेल्या जोडणीने सुरू झाला. खोक्यावर तळहात ठेवून तोच अभंग लावला, तर पखवाजाच्या प्रत्येक डाव्या थापेबरोबर हाताला थरथर जाणवत होती. सबवूफर चालू आहे की नाही हे तपासायला याहून चांगली परीक्षा नाही.

एकदा जुळतो आणि पुन्हा पुन्हा तुटतो, असं होत असेल तर आजूबाजूला बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात घरात बरीच गर्दी असते. वाय-फायचा राउटर त्याच पट्ट्यात बोलतो आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. जेवण गरम करताना आवाज अडखळत असेल तर कारण तेच. एक गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते. टीव्हीला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर ती आणि तिची वायरही या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ सालीच यावर टिपण काढलं होतं. डिस्क काढून बघा. राउटर बारला चिकटून असेल तर हातभर दूर सरकवा. बार आणि सबवूफर यांच्यामध्ये लोखंडी कपाट किंवा माशांची टाकी नको, कारण धातू या लहरी अडवतो आणि पाणी त्या शोषून घेतं.

दिवा स्थिर आहे तरी आवाज नाही, तर जोडणीला हातच लावू नका. रिमोटवर सबवूफरची पातळी शून्याखाली गेली असेल किंवा नाइट मोड लागला असेल. बातम्यांच्या वाहिनीवर खालचा आवाज मुळातच नगण्य असतो, तिथे परीक्षा घेऊ नका.

दिवाच लागत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. आधी सबवूफरच्या मागची दोन पिनांची वायर पूर्ण आत दाबा. झाडू-पोछा करताना खोका सरकतो आणि ती अर्धी बाहेर येते. मग त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. दोन्ही ठीक असूनही दिवा नसेल, तर आतला फ्यूज किंवा वीजपुरवठ्याचा भाग गेलेला असण्याची शक्यता मोठी. हे दुरुस्त होणारं काम आहे, पण ते जाणकाराचंच. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा सर्किटमध्ये कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. खोका घरी उघडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

परदेशातून येणाऱ्या संचांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. माझ्या आतेभावाने अमेरिकेहून येताना बॅगेत साउंडबार आणला. बारचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा होता, म्हणून सगळेच निर्धास्त राहिले. सबवूफरची वायर मात्र थेट भिंतीत जाते, आणि त्याच्या मागच्या स्टिकरवर फक्त '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' छापलेलं होतं. इथल्या सॉकेटमध्ये लावताच आतून फट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि दिवा कायमचा विझला. बार आजही उत्तम चालतो. एकाच खोक्यातून आलेल्या दोन वस्तूंचं व्होल्टेज एकच असेल असं धरून चालू नका, दोन्ही स्टिकर वेगवेगळे वाचा. १२० व्होल्टचाच सबवूफर असेल तर त्याच्या वॅटला पुरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या, मगच तो लावा.

सबवूफर खरंच गेला असेल, तर बाजारातून कुठलाही दुसरा वायरलेस सबवूफर आणून या बारला जोडता येईल, अशी आशा धरू नका. एकाच कंपनीचा असला तरी मॉडेल वेगळं असेल तर बहुतेक वेळा ते एकमेकांना ओळखत नाहीत. जुना सबवूफर स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा झालाच, तर आपला बार सोबत न्या, दोन्ही तिथेच जोडून वाजवून बघा आणि मगच पैसे द्या.

सेवा केंद्राचा नंबर शोधतानाही सावध राहा. शोधयंत्रावर वर दिसणारे 'कस्टमर केअर' नंबर अनेकदा भामट्यांचे असतात. फोनवर एखादं ॲप घ्यायला लावून स्क्रीन बघू देण्याची मागणी झाली किंवा नोंदणीसाठी थोडे पैसे पाठवायला सांगितलं, तर लगेच फोन ठेवा. नंबर बिलावरचा, माहितीपुस्तिकेतला किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचाच घ्या. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर कळवा. वॉरंटी असूनही कंपनी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि ज्यांचा सबवूफर आज व्यवस्थित वाजतो आहे त्यांना एक विनंती. खोका सरकवून त्याच्या मागच्या स्टिकरचा आणि बारखालच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो आजच काढून ठेवा, बिलाचाही काढा आणि जोडणीचं बटण कुठे आहे ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या.