साठ अंशांचा कोन आणि अकरावीचं गणित

‘मेडिकलही हवं आणि एआयही, मग कुठे घालायचं?’ दहावीचा निकाल लागला की पालकांचा हा प्रश्न ठरलेला. कोर्सचं नाव नंतर बघू, आधी या क्षेत्रातलं एक काम नीट पाहा.

काही बाळांच्या खुब्याची वाटी उथळ असते, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. पायाळू बाळांत आणि मुलींमध्ये हे जास्त आढळतं. पहिल्या काही महिन्यांत सापडलं तर पाव्हलिक हार्नेसच्या पट्ट्यांवर बहुतेकदा भागतं. मूल लंगडत चालू लागल्यावर कळलं, तर ऑपरेशनची वेळ येऊ शकते. पण तान्ह्या बाळाचा खुबा बराचसा कूर्चेचा, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफीत दिसते. ऑस्ट्रियातले अस्थिरोगतज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ यांनी १९८०मध्ये सोनोग्राफीवर कोन मोजायची पद्धत मांडली. वाटी किती खोल आहे ते सांगणारा अल्फा कोन ६० अंश किंवा जास्त, तर सांधा व्यवस्थित. ऑस्ट्रियात १९९२पासून सगळ्याच नवजात बाळांसाठी ही तपासणी आहे.

आता हा कोन कॉम्प्युटरही मोजतो. रेषा आखणं त्याला जड नाही, खरी मेख चित्रात आहे. सोनोग्राफीचा प्रोब जरा तिरका पडला की कोन बदलतो, आणि सॉफ्टवेअर चुकीच्या चित्रावरही बिनधास्त आकडा देऊन मोकळं होतं. म्हणून हे चित्र मुळात मोजण्याजोगं आहे का, हेही त्याला शिकवावं लागतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात त्रिमितीय सोनोग्राफी वापरून अशा अडचणींवर संशोधन झालं आहे. अशा कामात सांधा ओळखणारा डॉक्टर लागतो, तसाच भूमिती आणि संख्याशास्त्र पक्कं असलेला इंजिनिअरही.

डॉक्टरकीची वाट ‘नीट’ परीक्षेतून जाते. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग रेडिओलॉजीत एमडी तीन वर्षं, तीही पीजीची सीट पहिल्या झटक्यात मिळाली तर. दुसरी वाट कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगची. पुढे गेट देऊन आयआयटी मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एमटेक करता येतं. इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवीही आहे, एक्स-रे, सीटी, एमआरआयवर चांगलं काम मिळतं. मात्र गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करू शकतात. ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ बनवण्याचं आश्वासन देणाऱ्या संस्थेत फी भरण्याआधी हे विचाराच.

माझं मत विचाराल तर, अकरावीत जीवशास्त्र घेणाऱ्या मुलाने झेपत असेल तर गणितही ठेवावं. दोन्ही दारं उघडी राहतात. बारावीनंतर लगेच ‘हेल्थकेअर एआय’चं महागडं सर्टिफिकेट मात्र घेऊ नये, पाया नसताना ते कागदच.

आवड तपासायला क्लास लागत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २०१७मध्ये छातीचे एक लाखाहून जास्त एक्स-रे, नावं काढून, मोफत खुले केले. थोडं पायथन शिकून मुलाने सुट्टीत त्यांच्याशी झटापट करावी. कंटाळला, तर ॲडमिशनच्या आधीच कळलेलं बरं.