दुधाची शेवटची वेळ लिहून घ्या

बाळाच्या कमरेखाली, माकडहाडाच्या आसपास खळगा दिसला की घरात दोन तट पडतात. काही जण म्हणतात, असते अशी खूण, कित्येकांना असते. बाकीचे रात्रभर मोबाईलवर वाचत बसतात. पहिल्यांचं म्हणणं खोटं नाही. नितंबांच्या फटीतला, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आतला, तळ दिसणारा लहानसा खळगा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण खळगा त्याहून वर असेल, त्यावर केसांचा पुंजका, लाल चट्टा किंवा मऊ गाठ असेल, तर आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो. डॉक्टर त्याला ‘टेथर्ड कॉर्ड’ म्हणतात. मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. तो खाली बांधल्यासारखा राहिला, तर मूल वाढताना त्याच्यावर ताण येतो आणि पायांतली ताकद किंवा लघवी-शौचावरचा ताबा हळूहळू जाऊ शकतो.

आमच्या मुलीच्या खळग्यावर केस होते. मालिश करणाऱ्या मावशींनी ते मला दाखवलं आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेलं नाही. तान्ह्या बाळाच्या मणक्यांची हाडं पुरती कठीण झालेली नसतात, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जू बघता येतो. आमच्याकडे तो काळ उलटून गेला होता. अशी खूण बारशाच्या सुमारास दिसली, तर सोनोग्राफीचं तेव्हाच विचारा.

आम्हाला एमआरआय सांगितला गेला. त्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे यंत्राची भीती बाळगायचं कारण नाही. अवघड असतं ते मुलाला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ अजिबात न हलता ठेवणं, तेही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. अगदी तान्ह्या, साधारण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, त्याच्या स्वतःच्या झोपेतच तपासणी करता येते. ही सोय आहे का, हे आधी विचारावं. मोठ्या बाळाला मात्र गुंगी किंवा भूल द्यावीच लागते, आणि तयारी करायची ती या भुलेची.

पहिल्या ठिकाणी आम्हाला फोनवर एवढंच सांगितलं गेलं: रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही देऊ नका. वेळ सकाळी नऊची होती. आम्ही पोचलो तेव्हा आधीचे पेशंट होते, मग एक तातडीचा रुग्ण आला, मग आणखी एक. दुपार झाली. मुलीचे ओठ सुकले, रडून रडून आवाज बसला. माझ्या अंगाला दुधाचा वास येत होता, म्हणून मी तिला घ्यायलाही धजेना. तोवर कोणीही येऊन ‘आता थोडं पाणी द्या’ म्हटलं नाही. शेवटी नंबर लागला तेव्हा शीर सापडेना. अंगातलं पाणी कमी झालेल्या बाळाची शीर मिळणं आणखी कठीण होतं. हातापायांना टोचून झाल्यावर तिथला माणूस म्हणाला, सिरप देतो, झोपेल. भूलतज्ज्ञ कुठे आहेत, असं आम्ही विचारलं. लागले तर बोलावतो, असं उत्तर आलं. आम्ही मुलीला उचललं आणि बाहेर पडलो. तो निर्णय योग्यच होता, असं मला आजही ठामपणे वाटतं. गुंगीचं सिरप हे खोकल्याचं औषध नव्हे. त्याने बाळाचा श्वास मंदावू शकतो, मान पुढे पडून श्वासाची वाट बंद होऊ शकते. म्हणूनच हे औषध घरून किंवा गाडीत पाजून आणायला कोणी सांगितलं, तर साफ नकार द्या.

दुसऱ्या ठिकाणी आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी तिला तपासलं. उपास का, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. भुलेत घशाची आपोआप होणारी राखण सैल पडते, आणि पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. पण त्यासाठी प्रत्येक पदार्थाला लागणारा वेळ वेगळा आहे. गाईचं किंवा पावडरचं दूध, पेज, नाचणीसत्त्व, मऊ भात यांना सहा तास. आईच्या दुधाला चार तास. साध्या पाण्याला दोन तास. काही ठिकाणी आता एक तासही चालतो. पेज कितीही पातळ केली तरी ती अन्नातच मोजायची. गुटी, तुपाचं बोट, औषधाचे थेंब हेही न लपवता सांगायचं.

त्यांनी वेळ सकाळी आठची दिली आणि कागदावर लिहून दिलं: पहाटे चारपर्यंत अंगावरचं दूध, सहापर्यंत चमच्याने पाणी. पुढे म्हणाल्या, “ताई, चारला ती झोपलेली असेल तरी उठवून पाजा. झोपू द्यावी असं वाटेल, पण मग ती आदल्या रात्रीपासूनच उपाशी राहील.” लहान बाळांना यादीत पहिला नंबर मिळावा, हे मागायला संकोच करू नका. वेळ पुढे ढकलली गेली, तर लगेच विचारा की आता पाणी देऊ का, दूध देऊ का. आई जवळ असली की बाळ अंगावर प्यायलाच बघतं. त्या तासांत ते बाबांकडे किंवा आत्याकडे असलेलं बरं.

घरातल्या मोठ्यांना आदल्या संध्याकाळीच सगळं समजावून सांगा. चांदीचे वाळे, मनगट्या, ताईत, कानातलं दिसतं, म्हणून काढलं जातं. राहतो तो लंगोटाखालचा करगोटा, त्यातल्या घुंगरांसकट किंवा चांदीच्या मण्यांसकट. सेफ्टीपिन, झबल्याची टिचबटणं, काजळ, यातलं काहीही चुंबकाच्या खोलीत नको. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावून स्वतःच्या हाताने करगोटा सोडला, त्यामुळे त्यांच्याही मनाला लागलं नाही. ऐनवेळी सिस्टरने कात्री लावली असती, तर घरात त्याचीच चर्चा राहिली असती.

सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. नुकती सर्दी झालेल्या बाळाच्या श्वासनळीला भुलेत आकडी येण्याची भीती जास्त असते. तारीख पुढे गेल्याचा संताप होतो, रजा वाया जाते, तरी पुढे ढकलणाऱ्या डॉक्टरचं ऐकावं. बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल, घोरत असेल, घरात कोणाला भुलेचा त्रास झाला असेल, तर तेही सांगा.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आम्ही काही गोष्टी विचारल्या, तुम्हीही विचारा. तपासणीभर बाळावर नजर ठेवायला वेगळा डॉक्टर असेल का? ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारा मॉनिटर आत चालणारा आहे का? कानांना काय लावणार? रंगद्रव्याचं इंजेक्शन खरंच लागणार आहे का? टेथर्ड कॉर्डसाठी ते दर वेळी लागतंच असं नाही.

भुलेने मेंदूवर परिणाम होईल का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये इशारा दिला, तो तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक दिलेल्या भुलेबद्दल होता. सात देशांत तान्ह्या बाळांवर झालेल्या ‘गॅस’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तासाभराच्या आतल्या एकाच भुलेनंतर पाचव्या वर्षी मुलांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. हे वाचून मी त्या रात्री झोपले.

तपासणीनंतर बाळ चिडचिडं उठतं, मान डगमगते. आधी घोटभर पाणी, मग दूध. पूर्ण जागं होऊन नीट पिईपर्यंत घरी जायची घाई करू नका. गाडीत एकाने फक्त बाळाकडे बघत बसायचं, हनुवटी छातीवर टेकू द्यायची नाही. अहवालाबरोबर चित्रांची सीडीही घ्या, न्यूरोसर्जन चित्रं स्वतः बघतात.

आमच्या मुलीच्या अहवालात मज्जारज्जू खाली ओढलेला निघाला. शस्त्रक्रिया झाली, आज ती धावते. खर्चाच्या काळजीने कोणी थांबून राहू नये. 2013 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मज्जारज्जूचे जन्मजात दोष आहेत. अंगणवाडी किंवा सरकारी रुग्णालयातून जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी मागा.

आणि तुमच्या बाळाची तारीख ठरली असेल, तर आजच फोन करा. भूल कोण देणार आणि शेवटचं दूध किती वाजता, हे विचारा, आणि उत्तर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.