परसातील पहारेकरी

पोलादपूर मागे टाकून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की कशेडीचा घाट लागतो. आषाढ-श्रावणात येथे पावसाची झड लागते. घरोघरच्या परसात अळू माजते, मांडवावर पडवळ व दोडका चढतो, लिंबाला कोवळी पालवी फुटते. पण पालवीबरोबर ती खाणारेही येतात. एके दिवशी सकाळी पाहावे, तो अळूच्या पानाची जाळी झालेली!

अशा वेळी विषारी भुकटी आणून धुरळावी, असे मनात येते. परंतु जाणता शेतकरी प्रथम पान उलटून पाहतो. अळू खाणाऱ्या एका पतंगाची मादी पानावर शेकडो अंडी एकत्र घालते व आपल्या अंगावरील तपकिरी लवेने ती झाकते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या आरंभी एकाच पानावर दाटीने राहतात. तेवढे पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडविले की काम भागते. आळस केला, तर त्याच अळ्या सर्वत्र पांगतात. दिवसा मातीत दडतात आणि रात्री पाने फस्त करतात. अंगावर केस असलेल्या सुरवंटाला मात्र बोट लावू नये. त्याला चिमट्याने उचलावे.

हातांना जे साधत नाही, ते परसातील पहारेकरी करतात. शिंपी पक्षी पाने शिवून घरटे बांधतो आणि पिलांसाठी दिवसभर अळ्या टिपतो. एक बारीक गांधीलमाशी तर अळीच्या अंगातच अंडी घालते. तिची पिले अळीला आतून खातात व बाहेर येऊन तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोश विणतात. असे कोश वागविणारी अळी मारू नये. तिच्याकडून आता पिकाला फारसे भय नसते. उलट त्या कोशांतून नवे पहारेकरी निघणार असतात. विषारी भुकटीने अळ्यांबरोबर हे रक्षकही मरतात. मग पुढच्या खेपेस अळ्यांना अडविणार कोण?

उपद्रव वाढलाच, तर निंबोळीचा अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी आणि ते पाणी संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. त्याने अळीची भूक मंदावते व तिला नीट कात टाकता येत नाही. उन्हाने या अर्काचा गुण जातो आणि पावसाने तो धुऊन जातो. म्हणून कोकणच्या झडीत डोळे आणि हात हेच खरे साधन होय.

लिंबावर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते. शत्रूला फसविण्यासाठी निसर्गाने तिला दिलेले ते सोंग होय. मोठी होताच ती हिरवी होते; डिवचल्यास डोक्यामागून दोन मऊ शिंगे काढून उग्र वास सोडते. तिचे पुढे सुंदर फुलपाखरू होते. २०१५ साली महाराष्ट्राने ज्या राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला, तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढतात. रोप लहान असेल, तर अशी अळी उचलून मोठ्या लिंबावर सोडावी. मोठ्या झाडाला चार पाने जड नाहीत.

पान कोणी खाल्ले, हे पाहिल्यावाचून हात उगारू नये.

स्वाध्याय

१. अळूचे पान उलटून का पाहावे?
२. पांढरे कोश वागविणारी अळी का मारू नये?
३. झडीच्या दिवसांत निंबोळीचा अर्क फारसा उपयोगी का पडत नाही?
४. आपल्या परसातील एका अळीचे आठ दिवस निरीक्षण करा व ते वहीत लिहा.