'वेग' हा एक शब्द पुरत नाही

वितरित फाइल प्रणाली म्हणजे अनेक संगणकांच्या डिस्कांवर विभागून ठेवलेला साठा. वापरणाऱ्याला मात्र तो एकाच कपाटासारखा दिसतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली सुरू झालेल्या 'प्रत्यूष' महासंगणकालाही असाच साठा लागत होता. "असा साठा किती वेगवान असतो?" असे राजेगावचे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, "कोणत्या कामासाठी?"

आपल्याकडच्या धान खरेदीचेच उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याचे शंभर कट्टे एका पावतीवर भराभर मोजून होतात. शंभर शेतकऱ्यांचा एकेक कट्टा आला, तर काटा रिकामा राहतो आणि पावतीपाशी रांग लागते. फाइल प्रणालीतही मजकूर वेगळा आणि फाइलचे नाव, मालक, जागा यांची नोंद वेगळी.

समजा, साठा सेकंदाला १०० मेगाबाइट वाचतो आणि प्रत्येक फाइल उघडायला ५ मिलिसेकंद लागतात. १ गीगाबाइटची एक फाइल सुमारे १० सेकंदांत वाचून होईल. तोच मजकूर १० किलोबाइटच्या १ लाख फाइलींत असेल, तर त्या एकामागून एक उघडण्यातच ५०० सेकंद जातील.

म्हणून मोजमापही दुहेरी असते. 'आयओआर' हे साधन वाचन-लेखनाचा ओघ मोजते. 'एमडीटेस्ट' फाइली तयार करण्याची, तपासण्याची, पुसण्याची गती मोजते. २०१७पासून निघणारी 'आयओ-५००' यादी दोन्ही बाजूंचा भूमितीमध्य काढते. १०० आणि १ यांची साधी सरासरी ५०.५ येते, भूमितीमध्य १०. त्यामुळे दुबळी बाजू झाकली जात नाही.

आणखी एक पथ्य आहे. नुकतीच लिहिलेली फाइल त्याच संगणकावर लगेच वाचली, तर ती बहुधा त्याच्या स्मृतीतूनच येते. तो डिस्कचा वेग नव्हे. म्हणून चाचणीची फाइल स्मृतीपेक्षा मोठी घ्यावी, किंवा दुसऱ्या संगणकावरून वाचावी.

मराठीत या साऱ्याला आपण सरसकट 'वेग' म्हणतो. माझी सूचना अशी : सेकंदाला किती मजकूर, तो 'ओघ', सेकंदाला किती फाइली, ती 'नोंदगती', एका मागणीला लागणारा वेळ, तो 'विलंब'. हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. शब्दकोशाच्या नोंदी, ओव्यांची टिपणे, जुन्या अंकांची पाने, म्हणजे आपल्या भाषेचा साठा, बहुतेक लहान लहान फाइलींचाच असतो. केवळ ओघ पाहून यंत्रणा घेतली, तर आकडा मोठा दिसेल आणि वाचक ताटकळत बसेल.