कामापुरत्या ओळखी नकोत, मग कशा हव्यात?

प्रश्न : मी नावड्यात राहतो, तळोजा एमआयडीसीतल्या रसायन कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. सगळे म्हणतात, ओळखी वाढव. पण कामापुरतं गोड बोलणं मला जमत नाही.

उत्तर : जमत नाही तेच बरं; समोरच्याला ते लगेच कळतं. तहान लागल्यावर विहीर खणू नका, एवढंच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं, की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून जास्त येते. जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. तुमच्याच लॅबमधून शेजारच्या प्लॉटवर गेलेला सहकारी, एचपीएलसीच्या सर्व्हिसिंगला येणारा इंजिनिअर, निवृत्त झालेले साहेब, ही तुमची माणसं. सहकाऱ्याचं मशीन अडलं तर त्या इंजिनिअरचा नंबर स्वतःहून द्या. ऑडिटमध्ये कुठली नोंद हमखास मागतात, तेही सांगा. (बॅचचा डेटा मात्र मैत्रीतही नाही!) सणाचे फॉरवर्ड पाठवणं म्हणजे संपर्क, असं मी तरी मानत नाही. साहेबांना या रविवारी फोन करा, तब्येत विचारा, एखादी तांत्रिक शंका काढा. नोकरीचा विषय नको.